आत सोडलेलं कापड

माझी ताई कुणाच्या सांगण्यावरून माप लिहीत नाही. गिऱ्हाईक दारातूनच सांगत येतं, कंबर चौतीस. ताई मान डोलावते, टेप लावते आणि कार्डावर अडतीस लिहिते. वाद घालत नाही, हसतही नाही. पुढच्या आठवड्यात पॅन्ट बरोब्बर बसली की गिऱ्हाईक खूश होऊन म्हणतं, बघा, मी सांगत होतो ना चौतीस. ताई म्हणते, हो ना. या ‘हो ना’वर तिनं चाळीस वर्षं दुकान चालवलंय.

दुकान म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली. खाली बूट दुरुस्त करणारा, वर आम्ही दोघी, मध्ये बावीस पायऱ्या. आम्ही नवं काही शिवत नाही, आणलेले कपडे आवळून, सैल करून, आखूड करून देतो, चेन बदलून देतो. मशीन ताईचं. काजं-बटणं, हातशिलाई, उसवणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही माझी खाती. शाळा माझी तिच्यापेक्षा तीन वर्षं जास्त झालीय, पण अक्कल वाटत होते तेव्हा ती रांगेत पहिली होती आणि मी बहुधा जेवायला बसले होते.

खिडकीखाली तिचा लाकडी खोका असतो. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. तारीख, मापं, फोन नंबर आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात शेरा. ‘डावा खांदा उतरलेला.’ ‘खिशात फार किल्ल्या ठेवतो.’ ‘बायको वारल्यापासून बटणं तुटकीच असतात.’ हा खोका ती मलासुद्धा चाळू देत नाही.

तिचा आणखी एक हट्ट आहे, आतल्या कापडाचा. कपडा आवळला की जादा कापड शिवणीच्या आत उरतं. ते कापून टाकलं तर शिवण सपाट बसते आणि गिऱ्हाइकांना तेच हवं असतं. ताई होता होईल तो कापत नाही. दुमडून, इस्त्री मारून आत सोडते. माणूस पुन्हा जाड होऊ शकतो, कापड पुन्हा मोठं होत नाही, असं तिचं साधं म्हणणं. फारच हट्टाला पेटलं कुणी तर कापून देते आणि कार्डावर लिहून ठेवते, ‘स्वतः सांगून कापून घेतलं.’

आता माझ्याकडे येते, कारण ही सगळी भानगड माझ्यापायी झाली. माझं वजन एकशे चौदा किलो. गुडघे कामातून गेलेले. हाडांच्या डॉक्टरांनी दिव्यावर फोटो लावून दाखवला आणि सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पण एवढ्या वजनावर भूल द्यायला आणि जखम भरायला धोका आहे, तेव्हा शंभरच्या आत या, मग बघू. मी सहा महिने चिमणीएवढं जेवले. दोन किलो गेले आणि तीन आले. पायऱ्या चढताना आधी एकदा बसायची, मग तीनदा. शेवटी चढणंच बंद झालं. ताई रोज संध्याकाळी पिशवीत काम भरून घरी आणायची आणि मी खाटेवर बसून बटणं लावायची. दिवसभर तोंड उघडायला माणूस नाही. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, मला जे काही होतं ते त्या खोलीत होतं. दुकान कायमचं सुटलं तर मी संपले, हे मला स्वच्छ दिसत होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी मला वजनाच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्या तरुण होत्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, पोटाच्या कातडीत, स्वतःचं स्वतः टोचायचं. त्यात पेप्टाइड असतं, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. जेवल्यावर आपलं आतडं मेंदूला निरोप धाडतं की बास, पुरे आता. हे औषध त्याच निरोपाची नक्कल करतं आणि आठवडाभर करत राहतं. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या आतड्याचा निरोप्या जन्मापासून संपावर आहे. त्या हसल्या आणि विचारलं, वजन कधीपासून वाढलं?

मी छातीठोकपणे सांगितलं की गेल्या दोन वर्षांत. त्याआधी आठ वर्षं मी होते तशी होते. वजनकाट्यावर मी कधी पाय ठेवला नाही, पण माझ्याकडे एक निळा ड्रेस आहे, ताईनं शिवलेला. ती नवं शिवते ते फक्त माझ्यासाठी. तो ड्रेस आठ वर्षं मला जसाच्या तसा बसत होता, दोन वर्षांपूर्वी अचानक घट्ट व्हायला लागला. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. ताई शेजारी बसून पर्सची चेन उघडत होती, मिटत होती.

मला तर त्याच दिवशी सुई हवी होती. ताई म्हणाली, जरा थांब, मला बघू दे. मी म्हटलं, तू काय बघणार, तू काय डॉक्टर आहेस? तरी ती बघायला लागली. आणि तिची बघायची तऱ्हा म्हणजे तो खोका.

गेल्या दीड-दोन वर्षांत कपडे आवळायला येणारे फार वाढले होते. माप देताना माणसं बोलतात, टेप कमरेला असताना खोटं फारसं सुचत नाही. कुणी इंजेक्शन घेतोय म्हणालं की ताई कार्डाच्या कोपऱ्यात टिंब करायची. तिनं टिंबांची सगळी कार्डं वेगळी काढली. एकतीस निघाली. एकतीसच्या एकतीस जणांचे घेर उतरलेले, कुणाचा दोन इंच, कुणाचा सात. जेवताना तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा होता की जणू औषध हिनंच शोधलंय. एकतीसपैकी एकतीस. एवढं चांगलं औषध जगात दुसरं नसेल म्हणाली.

या सगळ्यात पंधरा दिवस गेले आणि मला तेवढाही दम नव्हता. आमचं एक गिऱ्हाईक आहे, व्यायामशाळेचा मास्तर. टिंबवाल्यांपैकीच. त्यानं मला फोनवर सांगितलं की मावशी, डॉक्टरांचं औषध जुनं झालं, माझ्याकडे त्याच्या पुढचं आहे, अजून बाजारात आलेलं नाही, पावडर असते, पाण्यात कालवून घ्यायची. चिठ्ठी नको, तपासण्या नकोत. एक कुपी तो घरी आणून देऊन गेला. ती मी बटणांच्या डब्यात, तळाशी ठेवली. टोचायचा धीर झाला नाही, पण फेकवतही नव्हती. रोज डबा हलवून आवाज ऐकायची.

पुढच्या भेटीला ताई एकतीस कार्डं रबर लावून घेऊन आली. डॉक्टर बाईंपुढे ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी ती खरंच एकेक करून पाहिली. मापं बारकाईनं घेतलीत म्हणाल्या. मग कार्डं नीट रचून त्यांनी विचारलं, "काकू, ज्यांचं वजन उतरलंच नाही, ते कपडे आवळायला तुमच्याकडे कशाला येतील?"

मापात चुकताना मी ताईला कधी पाहिलं नव्हतं. आणि इथंही मापात चूक नव्हतीच, एकतीस मापं सोळा आणे खरी होती. जे आलेच नाहीत त्यांचं काय, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दुकानात बसणाऱ्या माणसाला जिना चढून आलेलंच गिऱ्हाईक दिसतं.

डॉक्टरांनी मग सावकाश सांगितलं की चाचण्या करताना आधी सगळ्यांची नावं लिहून घेतात, मग औषध देतात, आणि शेवटी जो बारीक झाला त्यालाही मोजतात, जो झाला नाही त्यालाही. काहींना खरं औषध, काहींना नुसतंच बिनऔषधाचं इंजेक्शन, आणि कुणाला काय मिळालं ते ना घेणाऱ्याला ठाऊक, ना मोजणाऱ्याला. अशा एका मोठ्या चाचणीत सव्वा वर्षात खरं औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी शंभरातलं पंधरा भाग उतरलं, दुसऱ्या गटाचं दोन-अडीच. शंभरातल्या दहा-पंधरा जणांना औषध घेऊनही फारसा फरक पडला नाही. बऱ्याच जणांना मळमळ, उलट्या झाल्या. चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात, म्हणून व्यायाम लागतो. आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात, गेलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. हे सगळं त्यांनी काही न लपवता सांगितलं. ताईनं विचारलं, वीस वर्षं घेतलं तर? बाई म्हणाल्या, वजनासाठी वीस वर्षं घेतलेलं अजून कुणी नाही, त्यामुळे ते मला माहीत नाही. हे ‘माहीत नाही’ ताईला फार आवडलं. रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, बाई खरी आहे.

दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन लावायला बसली. एकतीस जणांना. निमित्त काय, तर फिटिंग कसं आहे. सत्तावीस जणांनी उचलला. चौघांनी नाही, त्यांच्या कार्डांवर तिनं ‘माहीत नाही’ लिहिलं आणि ती दोन्हीकडे न धरता बाजूला ठेवली. पंधरा जण औषध घेत होते, त्यांचे कपडे ठीक होते. बारा जणांनी सोडलं होतं, कुणी उलट्यांनी, कुणाला परवडेना, कुणाला वाटलं झालं काम. त्या बारांतल्या नऊ जणांच्या पॅन्टा आता कमरेला बसत नव्हत्या. मग परत का नाही आलात, असं तिनं एकाला विचारलं. तो म्हणाला, काकू, तुम्ही नको म्हणत असताना मीच कापड कापून घेतलं होतं, कुठल्या तोंडानं येऊ?

त्याच संध्याकाळी तिला एका कोटासाठी मोठं काळं बटण हवं होतं आणि तिनं माझा डबा उपडा केला. कुपी घरंगळत तिच्या पायाशी गेली. चष्मा लावून तिनं लेबल वाचलं. ‘संशोधनासाठी. माणसांवर वापरासाठी नाही.’ मला वाटलं आता माझी शंभरी भरली. पण ती ओरडली नाही. तिनं मास्तराला फोन लावला आणि शांतपणे विचारलं की हे किती जणांना देऊन पाहिलंय, किती दिवस, आणि न दिलेल्यांशी ताडून कुणी पाहिलंय का. तो म्हणाला, मी स्वतः घेतो ना, मला बघा. ताई म्हणाली, तुम्ही एक झालात, बाकीचे सांगा. पुढे बराच वेळ तोच बोलत होता, आणि ताईनं ‘हो ना’ म्हणून फोन ठेवला.

मला म्हणाली, "माझ्यापासून लपवून ठेवलीस?"

मी मान खाली घातली. शरमेनं मला रडू आलं. ती माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलायच्या बेतात होती, आणि मग उठून भांडी घासायला गेली. कुपी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या हवाली केली. ताईचा निकाल असा: आपली कार्डं कच्ची, डॉक्टरांच्या चाचण्या पक्क्या, पण दोन्हीचं बोट एकाच दिशेला आहे. औषध काम करतं. सगळ्यांना करत नाही. घेतोय तोवर करतं. तुझे गुडघे थांबणार नाहीत, तेव्हा घे.

पहिले दोन महिने माझी खोड जिरली. सकाळी मळमळ, दुपारी ढेकर. अन्नाकडे बघायची इच्छा नाही, आणि जिला आयुष्यभर अन्नाशिवाय काही दिसलं नाही तिला हे भलतंच वाटायचं. डोस हळूहळू वाढवत नेला. खुर्चीत बसून पाय उचलायचे व्यायाम ताई मोजून करून घ्यायची, एकही कमी चालायचा नाही. दहा महिन्यांनी डॉक्टर बाईंच्या काट्यावर नव्व्याण्णव किलो चारशे ग्रॅम भरले. ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढच्या महिन्याची बारा.

मला इस्पितळात निळा ड्रेस घालून जायचं होतं. अंगात घालून पाहिला तर चक्क सैल झाला होता. ताईला म्हटलं, बाजूनं आवळून दे. ती म्हणाली, बघू. आठवडा गेला, म्हणाली हातात काम आहे. मग म्हणाली, इस्पितळात कुणी ड्रेस बघत नाही. मला काही कळेना. माझे कपडे कायम तीच हाताळायची, रविवारी इस्त्रीही तीच करायची, मला कधी हात लावू दिला नव्हता. पण मी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे उसवले, मला स्वतःचा एक ड्रेस जड जाणार होता का? मला आता अधेमध्ये थांबत बावीस पायऱ्या चढता येत होत्या. एका दुपारी ताई कपडे पोचवायला गेली आणि मी दुकानात खिडकीशी बसून बाजूची शिवण उसवली.

आत कापड जवळजवळ नव्हतंच. ताईनं शिवलेल्या कपड्यात आत कापड नाही, हे कसं झालं? मी तो भाग उजेडाकडे धरला. मशीनच्या टाक्यांची भोकं पाण्यानं आणि इस्त्रीनं बुजतात, पण गडद कापडावर ती पूर्ण जात नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मी उसवलेल्या शिवणीच्या आतल्या बाजूला आणखी एक ओळ होती. त्याच्या आत दुसरी. अर्ध्या अर्ध्या इंचावर चार जुन्या ओळी. दुसऱ्या बाजूलाही चार. अर्धा इंच चार पदरांना म्हणजे घेरात दोन इंच. चार वेळा. आठ इंच.

मी कधीच होते तशी नव्हते. ड्रेस माझ्याबरोबर वाढत होता.

ताई वर आली तेव्हा ड्रेस माझ्या मांडीवर पसरलेला होता. तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"पहिल्यांदा सोडला तेव्हा तुझा नवरा जाऊन तीन महिने झाले होते," ती म्हणाली. "तू याच्याशिवाय काही अंगाला लावत नव्हतीस. हा घट्ट झाला असता तर तू घरातून निघाली नसतीस."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा सांगायचं तर पहिलंही सांगावं लागलं असतं." मग म्हणाली, "तिनेक वर्षांपूर्वी कापड संपलं."

मला भयंकर राग आला. मी म्हटलं की साऱ्या गावाला खरं माप आणि सख्ख्या बहिणीला खोटं. ऐंशी किलोला कळलं असतं तर कदाचित हे गुडघे राहिले असते. मी नऊ दिवस एक कुपी लपवली तर तू माझ्याकडे चोरासारखं बघितलंस. खूप बोलले, काही बोलायला नको होतं तेही बोलले. ती ऐकत राहिली. मग उठली, खोका उघडला आणि अगदी मागचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

वर लिहिलं होतं, ‘धाकटी’. खाली चार तारखा. प्रत्येक तारखेपुढे छाती, कंबर, घेर, पाव इंचापर्यंत खरं; नवं काही शिवायच्या निमित्तानं ती मला टेप लावायची, पण आकडा कधी बोलायची नाही. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, जिथं शेरा असतो तिथं, बारीक अक्षरात तेच ते: ‘सांगितलं नाही.’ ‘सांगितलं नाही.’ ‘सांगितलं नाही.’ ‘सांगितलं नाही.’

मी ते कितीतरी वेळ वाचत बसले. राग गेला नव्हता. तो आजही पुरता गेलेला नाही. पण त्या चार ओळी लिहिताना ती या खोलीत एकटी बसलेली असणार, हे मला दिसत होतं.

"डॉक्टरांकडे चुकीचं लिहिलं गेलंय," ताई म्हणाली. "दोन वर्षं नाही, दहा. उद्या फोन करून बदलून घे."

मी म्हटलं, करते. मग भिंतीला धरून उभी राहिले आणि हात बाजूला केले. तिला कळेना. मी म्हटलं, टेप लाव. आणि मोठ्यानं सांग.

तिनं टेप घेतला. छाती सांगितली, कंबर सांगितली, घेर सांगितला, गिऱ्हाइकांसमोर कधी काढत नाही एवढ्या मोठ्या आवाजात. मी पेन्सिलनं पाचवी ओळ लिहीत गेले. लिहून झाल्यावर तिनं ड्रेसवर खडूनं नवी शिवण आखली, मोठी कातर हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. जन्मात तिनं हे कुणाला आपणहून विचारलं नव्हतं.

"जादा कापड कापू?"

"नको, आत राहू दे," मी म्हटलं. "सोडायची वेळ आली तर मला सांगून सोड."

ती मशीनवर बसली. मी कार्ड गुडघ्यावर धरलं आणि पाचव्या ओळीच्या शेवटी तिच्यासारख्याच बारीक अक्षरात लिहिलं, ‘सांगितलं.’